आधी मोजमाप, मग शस्त्रक्रिया

श्रोतेहो, चष्मा सुटावा म्हणून आज अनेक तरुण डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया करून घेतात. ती काही मिनिटांत आटोपते. तपासणीला मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. "एवढं कसलं मोजायचं?" असं कुणी कंटाळून विचारतो. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

डोळ्याच्या काळ्या भागावर, घड्याळाच्या काचेसारखा, एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. १९४० च्या दशकात जपानमध्ये त्सुतोमू सातो या नेत्रवैद्यांनी त्याला आतूनबाहेरून चिरा देऊन नंबर उतरवला. रुग्णांना दिसूही लागले. पण पडद्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर काढून पडदा नितळ ठेवतो, आणि गेला की पुन्हा भरून येत नाही. त्याचं हे मोल तेव्हा कळलेलं नव्हतं. पुढे काही वर्षांनी अनेकांची पारपटलं सुजून गढूळ झाली.

१९८१ साली अमेरिकेत, मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांना आढळले की, एक्सायमर लेझरने सजीवांच्या शरीराचा भाग न जळता कापला जातो. १९९५ मध्ये नंबर घालवण्यासाठी या लेझरला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. हत्यार अचूक होते, तरी १९९८ च्या सुमारास ध्यानात आले की शस्त्रक्रियेनंतर काहींचे पारपटल पुढे फुगत चालले आहे. कुणाचे मुळातच कमकुवत होते, तर कुणाचे कापून फार पातळ उरले होते.

म्हणून आता आधी हिशेब करतात. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. समजा, पारपटल ५०० मायक्रॉन आहे. वरची पापुद्र्यासारखी झडप ११० ची. एका नंबरामागे अंदाजे १५ धरले, तर सहा नंबरांचे ९०. खाली उरले ३००. हा आकडा २५० च्या खाली जाऊ देत नाहीत.

तर मंडळी, तपासणीला जाताना एवढं लक्षात ठेवा. डोळ्यात बसवायची भिंगे आधीच बंद करावी लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावे. भिंगांनी पारपटलाचा आकार बदलतो आणि मोजमाप चुकते. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास अंधुक दिसते, तेव्हा सोबत कुणीतरी असावे आणि गाडी चालवू नये. वय अठराच्या पुढे आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. जुने चष्म्याचे कागद बरोबर न्या. मधुमेह, संधिवात, गरोदरपण, चालू औषधे, डोळ्यांचा कोरडेपणा यांतलं काही लपवू नका. चाळिशीचा चष्मा यातून टळत नाही, हेही समजून घ्या.

आणि डॉक्टर "तुमच्या डोळ्यांना हे मानवणार नाही" म्हणाले, तर खट्टू होऊ नका. चष्मा नाकावर राहील. पण दृष्टी शाबूत राहील.