साडेतीन लाखांची भीती

मंडळी, रामसे बंधूंचं नाव काढलं की लोक आधी हसतात. रबरी मुखवटा, निळा उजेड, धूर, करकरणारा दरवाजा, आंघोळीचा सीन. हसा की, मीही हसतो. पण पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, ते सिनेमे तालुक्याच्या टॉकीजात हाऊसफुल्ल का जायचे? हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सुरुवात कराचीतून. फतेहचंद रामसिंघानी यांचं तिथं रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ म्हणता येईना, म्हणून ‘रामसे’ झालं असं घरातले सांगत. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचं दुकान टाकलं आणि पुढं सिनेमा काढायचा नाद लागला. १९५४ ला भगतसिंगांवरचा सिनेमा, १९६३ ला ‘रुस्तम सोहराब’. आणि १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’. हा साफ पडला.

आता इथं एक गोष्ट सांगतो, ती आपल्याकडच्या वाचणाऱ्या मंडळींनाही फारशी ठाऊक नसते. या पडलेल्या सिनेमाचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’वाले बेडेकर. ‘रुस्तम सोहराब’ही त्यांचाच. म्हणजे रामसे घराण्याच्या भुताचा उगम शोधत गेलं तर वाटेत मराठीतला एक थोर कादंबरीकार भेटतो!

त्या सिनेमात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि अंगरखा चढवून चोरीला जातात, पोलीस गोळ्या झाडतात, त्यांना काही होत नाही. फतेहचंदांची पोरं, तुलसी आणि श्याम, थिएटरात बसून पब्लिक बघत होती. बाकी सिनेमाला लोक कंटाळलेले, पण त्या तेवढ्या प्रसंगाला किंचाळ्या! पोरांनी बापाला सांगितलं, अख्खा सिनेमाच असा काढू.

सात भाऊ. त्यांनी कामं वाटून घेतली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन एडिटिंग, तुलसी-श्याम दिग्दर्शन, केशूनं कॅमेऱ्यात हात द्यायचा आणि निर्मितीही बघायची. कॅमेऱ्याचं तंत्र एका इंग्रजी पुस्तकावरून घरीच शिकलेले. आणि १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ शूट झाला कुठं? आपल्या महाबळेश्वरात. सरकारी विश्रामगृहात मुक्काम, चाळीसेक दिवसांत काम फत्ते. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास, असं भाऊ मुलाखतींत सांगायचे. घरच्या बायका बरोबर. युनिटचा स्वयंपाक त्यांनीच केला. सेट लावायचा नाही, स्टार घ्यायचा नाही. महाबळेश्वरचं धुकं फुकट, आणि रात्रीच्या अंधाराचे तर कुणी पैसेच मागत नाही.

खर्च कमी म्हणून सिनेमा चालला असं नाही हं. कमी खर्चाचे शेकडो पडले. कमी खर्चामुळं फक्त एवढं झालं की मोठ्या शहरात नाही चालला तरी बिघडत नव्हतं. छोट्या गावांतून पैसा निघायचा. सिनेधंद्यात ज्यांना ‘बी’ आणि ‘सी’ सेंटर म्हणतात, ती आपली गावं. मोठ्या हिरोचा सिनेमा आपल्याकडं यायचा तो शहरात चावून चोथा झाल्यावर, रेघा पडलेल्या प्रिंटवर. आपण त्या धंद्याच्या हिशेबात शेवटी. रामसेंच्या हिशेबात मात्र आपण पहिले. गावातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, त्याला ते कळतं.

आता ‘पुराना मंदिर’ घ्या. साल १९८४. घराघरात टीव्ही शिरू लागला होता, व्हिडिओ पार्लरनी थिएटरवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं. तशात हा सिनेमा तुफान चालला. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल रुडकीहून शिकलेला इंजिनिअर. चौकीदार दुर्जन कोण? आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर. आदल्याच वर्षी ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी करून ज्यांनी फिल्मफेअर घेतलं, तेच. तेंडुलकरांची पटकथा आणि रामसेंची हवेली, दोन्ही ठिकाणी त्याच ताकदीनं उभा राहणारा नट. ललिता पवारही आहेतच. जगदीपचा गब्बरच्या नकलेचा डाकू मात्र मला कधीच झेपला नाही, तो भाग पुढं ढकलून बघावा.

तर त्याची गोष्ट काय? राजानं सैतानाला पकडलं, मुंडकं उडवलं. धड देवळामागं पुरलं, मुंडकं हवेलीत पेटीबंद. मरताना सैतानानं शाप दिला की तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी ठाकूर आपल्या पोरीचं लग्न होऊ देत नाही ते यासाठी. लग्न झालं की मूल होणार, आणि मूल झालं की पोरगी जाणार.

हा शाप कुणी सहज लिहिला असेल, मला माहीत आहे. पण १९८४ साली आपल्याकडच्या टॉकीजात तो ऐकणारं पब्लिक कोण होतं? वाडीवर दाई, दवाखाना लांब, रात्री वाहन मिळायचं नाही. बाळंतपणात गेलेली चुलती, मावशी, आळीतली वहिनी प्रत्येकाच्या ओळखीत. त्यांच्यासाठी पडद्यावरची ती भीती रबराची नव्हती. आणि थोरल्यांनी केलेलं पोरीबाळींनी फेडायचं, हेही गावाला नवीन नव्हतं. ओसाड वाडा, बंद खोली, ‘तिकडं जायचं नाही’ म्हणून दटावलेली पिंपळाची बाजू आपल्याकडं आधीच होती. रामसेंनी फक्त ती दाखवली.

‘असल्या सिनेमांनी अंधश्रद्धा वाढवली’ हा आक्षेप जुनाच आहे. तो मी उडवून लावणार नाही. डॉ. दाभोलकरांचा खून व्हावा लागला तेव्हा कुठं, डिसेंबर २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात मंजूर झाला. त्रिशूळ रोखला की सैतान पळतो हे रामसेंच्या सिनेमात असतंच, आणि बाईला भूत ठरवणंही असतं. ‘वीराना’त चेटकीण एका पोरीच्या अंगात शिरते. ‘अंगात आलंय’ म्हणून बायकांना झोडपणाऱ्या समाजात ते निरागस नाही. तरीही फरक आहे. सिनेमा तिकिटाचे पैसे घेऊन तीन तास घाबरवतो आणि दिवे लावून घरी पाठवतो. बुवा दिवे लावत नाही. आणि थिएटरात भुतापुढं पब्लिक जे करायचं, शिट्ट्या, शिव्या, ‘अगं मागं बघ!’ असं नटीला ओरडून सांगणं, ते बुवापुढं करून दाखवा बरं.

ही भीती एकट्यानं बघायची नव्हतीच. किंचाळी आली की मागून हशा यायचाच. १९९३ ला ‘झी हॉरर शो’ सुरू झाला, तोही रामसेंचाच. भीती घरात आली, पण सोबतीला चारशे माणसं नव्हती. केबलनं टॉकीज मारले, आणि टॉकीजबरोबर रामसेही. तुलसी रामसे २०१८ ला गेले, श्याम २०१९ ला. आज त्यांच्यावर पुस्तकं निघतात, मोठ्या शहरांत लोक कौतुकानं त्यांचे सिनेमे बघतात. चांगलंच आहे. पण ज्या टॉकीजांनी त्यांना जगवलं, त्यांची कुठंच नोंद नाही. कुठं गोदाम झालं, कुठं मंगल कार्यालय, कुठं नुसतं कुसळी गवत.

आपल्या तालुक्यातल्या जुन्या टॉकीजांची यादी करायला घेतली आहे. कुठं होतं, किती खुर्च्या, कधी बंद पडलं. ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारे यांच्यापैकी कुणी हयात असेल तर कळवा, मी येऊन भेटतो. जत्रेतल्या तंबूवाल्यांचीही माहिती हवी आहे. जुनी तिकिटं, फोटो, करमणूक कराच्या पावत्या, जे असेल ते. रद्दीत देऊ नका.