आतली मोडी, बाहेरची बाळबोध

तंजावरचं भोसल्यांचं राज्य कितपत मराठी होतं, हा वाद जुना आहे. शंका घेणारे बोट ठेवतात ते साहित्यावर. शाहजी राजांचं ‘पल्लकी सेवा प्रबंध’ तेलुगूत, त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’ नाटकात पाच भाषा. पुढे सरफोजी राजे ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांशी इंग्रजीत बोलत-लिहीत. मात्र कचेरीत कारकून हिशेब लिहीत बसला होता तो मराठीत, मोडीत. मुदपाकखान्याचा खर्च, छत्रांतल्या, म्हणजे धर्मशाळांतल्या, अन्नदानाचा शिधा, नोकरांचे पगार, सगळं मोडीत. माझ्या मते हा धेडगुजरीपणा नव्हता. घरातला व्यवहार एका लिपीत आणि बाहेरच्यांशी बोलणं समोरच्याच्या भाषेत, अशी ती रीतसर विभागणी होती. आज कंपन्या अंतर्गत नेटवर्कला एक नाव देतात आणि ई-मेलला दुसरं, कारण आतल्या यंत्रांची नावं बाहेर कोणी हुडकू नयेत आणि बाहेरच्या नावांशी त्यांची टक्करही होऊ नये. त्यासाठीच 2024 मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ‘.इंटर्नल’ हे नाव कायमचं राखून ठेवलं.

यावर कोणी म्हणेल, यात तंजावरचं वेगळं ते काय? दप्तर मोडीत आणि पोथी बाळबोधीत ही तर सगळ्या मराठी मुलखाची रीत. खरं आहे. पण पुण्यात दप्तराबाहेरचा वाणीही मोडीतच वही लिहायचा. तंजावरात कचेरीची पायरी उतरली की तमिळ पेठ. तीच रीत इथे भिंत झाली. पहिल्या पिढीचे कारकून सवयीने मोडी लिहीत असतील. शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही ती टिकते तेव्हा तिला नुसती सवय म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बृहदीश्वराच्या देवळात 1803 मध्ये भोसल्यांचा वंशेतिहास कोरला, तो मराठीत. मग मराठी आतली कशी? तर लिपी पाहावी. तो लेख देवनागरीत, म्हणजे बाळबोधीत आहे. सरफोजींच्या छापखान्यातून 1806 मध्ये निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ही देवनागरीतच. लोकांपुढे ठेवायचं ते बाळबोध, दप्तरी ठेवायचं ते मोडी. शिवाय 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता; किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढंच हाती उरल्यावर राजाला आपलं कुळ दगडावर सांगावंसं वाटलं, यात नवल नाही.

या विभागणीची किंमत मात्र पुढच्यांनी मोजली. 1855 मध्ये राज्य खालसा झालं, कारकून गेले आणि मोडी वाचणारे विरळ होत गेले. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय 1918 मध्ये लोकांना खुलं झालं. संस्कृत पोथ्यांना अभ्यासक मिळाले, मोडी कागद बराच काळ मुके राहिले. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद खंडशः छापला, तेव्हा छत्रांचा आणि राजवाड्याचा रोजचा खर्च तिथल्या वाचकाला त्याच्या भाषेत कळला. आपल्याकडे मोडीचे वर्ग जागोजागी चालतात. तिथे शिकणाऱ्यांनी पेशवे दप्तराबरोबर तंजावरच्या कागदांचे रुमालही सोडून पाहावेत.