सिमेले 1933 : लेखी हमीचे काय झाले?

24 सप्टेंबर 1932 ला पुणे करार झाला. नऊच दिवसांनी, 3 ऑक्टोबरला, इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला. पहिली तारीख आपल्याला पाठ आहे. दुसरीशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे.

सभासदत्व देण्याआधी राष्ट्रसंघाने इराककडून अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची लेखी हमी घेतली होती. या अल्पसंख्याकांत असिरियन ख्रिस्ती होते. त्यांच्यातले पुष्कळ जण पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या हक्कारीच्या डोंगरांतून हाकलले गेले होते. इंग्रजांनी त्यांना आपल्या 'लेव्ही' पलटणींत घेतले, वापरले आणि वाऱ्यावर सोडले. सभासदत्वाला वर्षही झाले नव्हते. ऑगस्ट 1933 मध्ये आसपासच्या खेड्यांतले असिरियन जीव वाचवायला सिमेले गावच्या पोलीस ठाण्याजवळ जमले. पोलिसांनी त्यांच्या बंदुका काढून घेतल्या. मग 11 तारखेला सैन्य आले. त्या एका गावात सुमारे 300 माणसे मारली गेली, बहुतेक सगळे पुरुष. उत्तरेतल्या सैन्याचा सेनापती बक्र सिद्की बगदादमध्ये वीर ठरला आणि त्याला बढती मिळाली! असिरियनांचे धर्मगुरू मार शिमुन यांचे मात्र नागरिकत्व काढून त्यांना सायप्रसला धाडले.

समर्थन काय होते? 'हे इंग्रजांचे हस्तक.' आम्हाला हे शब्द नवे नाहीत. गोलमेज परिषदेत आपल्या समाजाचे हक्क मागणाऱ्या बाबासाहेबांवर हाच शिक्का मारला गेला, आणि भीमा-कोरेगावच्या महार सैनिकांवर तो आजही मारला जातो. ज्याला आपल्याच मुलखात उभे राहायला जागा नाही, तो मिळेल त्या पलटणीत जाणार. दोष त्याला द्यायचा की जागा नाकारणाऱ्याला?

पुढे राष्ट्रसंघाने काय केले, तर या लोकांना ब्राझीलला न्यावे की ब्रिटिश गयानाला, याची चर्चा. शेवटी काही हजार जण सीरियातल्या खाबूर नदीकाठी वसवले गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये इस्लामिक स्टेटने त्याच गावांवर हल्ला करून दोनशेहून अधिक माणसे पळवली. त्याआधी 2014 च्या जुलैत मोसुलमध्ये ख्रिस्ती घरांवर अरबी 'नून' अक्षर रंगवले गेले होते : धर्म बदला, जिझिया भरा, निघून जा, नाहीतर मरा. ऑगस्टमध्ये निनवेच्या मैदानातून कुर्दी पेशमर्गा मागे हटले आणि काराकोश शहर एका रात्रीत रिकामे झाले. रक्षणाचे काम दुसऱ्याकडे होते; तो निघून गेला.

इराकच्या संसदेत आज ख्रिस्ती समाजासाठी 5 राखीव जागा आहेत. पण त्या जागांसाठी कोणत्याही धर्माचा मतदार मत देऊ शकतो. 2021 मध्ये पाचपैकी चार जागा 'बॅबिलोन' नावाच्या गटाने जिंकल्या. ही मते ख्रिस्ती वस्त्यांतली नसून बलाढ्य शिया पक्षांच्या मतदारांची आहेत, असे इतर ख्रिस्ती पक्ष आणि चर्चचे नेते सांगतात. संयुक्त मतदारसंघातला राखीव प्रतिनिधी कोणाचा होतो, हे बाबासाहेबांनी 1945 साली काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात आकडे देऊन मांडले होते. इराकच्या ख्रिस्ती पक्षांची आता मागणी आहे की मतदारांची वेगळी यादी करावी आणि या पाच जागांवर फक्त ख्रिस्ती मतदारांनीच मत द्यावे.