किंग्ज सॉम्बोर्नची शाळा

चुलीवरच्या आधणाचे झाकण का खडखडते, हा प्रश्न शेतमजुराच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरास विचारावा काय? आज त्यात कोणास वावगे दिसणार नाही. परंतु हा साधा प्रश्न एका खेड्यातील शाळेत विचारला गेला, तेव्हा त्याने पुष्कळांस आनंद दिला आणि काही थोर मंडळींची झोपही थोडी चाळवली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशायर परगण्यात किंग्ज सॉम्बोर्न नावाचे एक खेडे आहे. त्या काळी तेथील वस्ती हजार-अकराशेची, आणि त्यातही बहुतेक शेतावर राबणारी. या गावचे धर्मोपदेशक रिचर्ड डॉज हे केंब्रिज येथे गणित शिकविलेले गृहस्थ. त्यांनी १८४२ च्या ऑक्टोबरात गावात शाळा उघडली. शाळा फुकट नव्हती. मजुराच्या मुलास आठवड्यास दोन पेन्स फी, शेतकरी व दुकानदार यांच्या मुलांस अधिक. पुस्तकेही ज्याची त्याने विकत घ्यावयाची. फुकटाची वस्तू मनुष्य जपत नाही, असे डॉजसाहेबांचे मत होते. मात्र वर्ग सर्वांना एकच. मालकाचा मुलगा आणि त्याच्याच शेतावर खपणाऱ्या गड्याचा मुलगा शेजारी शेजारी बसत. आपल्याकडील जुन्या शाळांतून काही मुलांस ओसरीवर किंवा दाराबाहेर बसावे लागे, हे ज्यांनी वडिलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांस या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

या शाळेत शास्त्र शिकविले जाई, पण ते शास्त्र म्हणून नव्हे. मुलाच्या घरी जे रोज घडते त्यापासूनच धडा सुरू व्हावयाचा. किटलीतील पाणी उकळले म्हणजे वाफ होते, तिला जागा जास्त लागते, म्हणून ती झाकण उचलते. भात्यात हवा शिरते ती कोठून? धुराड्यातून धूर वरच का जातो? पहाटे लोखंडाची कडी हातास थंड लागते आणि शेजारचे लाकूड तितके लागत नाही, हे कसे? बाप ज्या कुदळीने जमीन उकरतो तीच तरफ. वर्गाची लांबी, रुंदी, उंची मुलांनी मोजावयाची आणि आत किती हवा मावते याचा हिशोब करावयाचा, म्हणजे गणितही त्यातच झाले. चार-पाच वर्षांत मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली. हेन्री मोझली या सरकारी तपासनीसांनी, आणि ते स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक राहिलेले, या शाळेची तोंड भरून स्तुती केली. डॉज यांनी १८४७ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले, ते देशभर खपले. सफक परगण्यातील हिचम गावी डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनीही खेड्यातील मुलांस अशाच हौसेने वनस्पतिशास्त्र शिकविले.

आता दुसरी बाजू. लॉर्ड रॉटस्ली हे मोठे ज्योतिर्विद, रॉयल सोसायटीचे माजी अध्यक्ष. त्यांनी १८६० मध्ये एक प्रसंग लिहून ठेवला आहे. गरिबांच्या एका शाळेत मुलांची परीक्षा चालली होती. एक लंगडा, कुबड आलेला, उपासमारीने चेहरा ओढलेला मुलगा पुढे आला आणि विचारलेल्या प्रश्नाचे त्याने इतके स्वच्छ उत्तर दिले की, ऐकणाऱ्यांस कौतुक वाटले. आणि लाजही वाटली. लाज कशाची? अशा मुलास जे ठाऊक आहे ते वरच्या वर्गातील लोकांस ठाऊक नाही, याची. येथवर ठीक. परंतु लॉर्डसाहेबांनी पुढे निष्कर्ष काढला तो असा की, खालचे लोक वरच्यांहून बुद्धीने सरस ठरावेत ही समाजाची निकोप अवस्था नव्हे. मी चाळीस वर्षे मुलांपुढे उभा राहिलो. तो कुबडा मुलगा माझ्याही वर्गात अनेकदा बसला आहे, म्हणून हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले.

या मतामुळेच पुढील गोष्ट घडली असे मी म्हणणार नाही. काटकसर हे तिचे उघड कारण होते. रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या सुधारित नियमांनी शाळेचे अनुदान परीक्षेस जखडले. दर मुलामागे हजेरीबद्दल चार शिलिंग आणि परीक्षेबद्दल आठ. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी एकेका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स वजा. तिन्हींत नापास, म्हणजे आठही गेले! किटलीच्या धड्याला पैही नव्हती. मग तो कोण शिकविणार? कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली, पण ती चालू राहिली.

शिक्षकाला बोल लावू नये. थंडीच्या दिवसांत एकदा मी वर्गात खोबरेलाची बाटली नेली होती. खोबरेल गोठते, शेजारचे गोडेतेल गोठत नाही, यावर पोरे हमरीतुमरीवर आली होती. इतक्यात एक तपासणी अधिकारी आत आले. त्यांनी विचारले, "गुरुजी, हा धडा कितवा?" मी बाटली कपाटात ठेवली आणि पाढे घेतले.

निकालावर पैसे देण्याची पद्धत १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यातही आली. पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतून शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे मागितले. कमिशननेही पदार्थविज्ञानाची मूलतत्त्वे आणि शेती, आरोग्य व उद्योग यांतील त्यांचा उपयोग खालच्या शाळांत आणावा, अशी शिफारस केली. किंग्ज सॉम्बोर्नला ते चाळीस वर्षांपूर्वीच घडले होते.

इंग्लंडात ती पद्धत १८९० नंतरच्या दशकात मोडीत निघाली आणि खालच्या इयत्तांत वस्तुपाठ सक्तीचे झाले. डॉज १८६७ मध्येच वारले होते. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांची नातवंडे तोवर शाळेत जाऊ लागली असतील.