वॉशिंग्टन : मागितलं एक, पदरात पडलं दुसरंच

अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्याने हे नाव मागितलंच नव्हतं. तिथल्या वसाहतकऱ्यांना हवं होतं ‘कोलंबिया’. मागणी रास्त होती. कोलंबिया नदीच्या उत्तरेचा तो मुलूख. १७९२ मध्ये रॉबर्ट ग्रे या कप्तानाने आपल्या ‘कोलंबिया रेडिव्हिव्हा’ जहाजावरून नदीला नाव दिलं होतं. पुढे हा सारा भाग ऑरेगन प्रदेशात गेला. कारभार मात्र दूर दक्षिणेत, उत्तरेकडे लक्ष द्यायला कोणी नाही. म्हणून नोव्हेंबर १८५२ मध्ये माँटिसेलो या वस्तीत ४४ जणांनी सह्या करून स्वतंत्र कोलंबिया प्रदेशासाठी काँग्रेसकडे अर्ज धाडला.

फेब्रुवारी १८५३ मध्ये विधेयक चर्चेला आलं आणि केंटकीचे रिचर्ड स्टँटन उठले. कोलंबिया नावाचा जिल्हा आहेच, उगाच घोटाळा होईल. त्यापेक्षा राष्ट्रपिता जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव एखाद्या राज्याला लाभू द्या, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. पण त्याच कोलंबिया जिल्ह्यातल्या राजधानीचं नाव वॉशिंग्टन, तेही १७९१ पासून! घोटाळा टाळायला निघाले आणि कायमचा घालून बसले. मेरीलँडच्या अलेक्झांडर इव्हान्स यांनी, त्यापेक्षा तिथल्या मूळ रहिवाशांचं एखादं सुंदर नाव द्या, असं सुचवलंही. ऐकलं नाही कोणी. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांची सही २ मार्चला झाली. १८८९ मध्ये प्रदेशाचं राज्य झालं तेव्हाही नाव तेच राहिलं. राष्ट्राध्यक्षाचं नाव लाभलेलं हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. त्या भूमीवर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

गंमत म्हणजे हे आडनावही मुळात गावाचंच. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न हा सरदार इंग्लंडच्या ईशान्येला वेसिंग्टन गावी राहायला आला आणि त्याने गावाचं नाव लावलं. आपल्याकडे वाईचा वाईकर होतो, तसंच. तेच घराणं पुढे अमेरिकेत गेलं. म्हणजे गावाचं नाव माणसाला, माणसाचं पुन्हा मुलखाला, असा हा प्रवास.

आजही मराठी बातमीत नुसतं ‘वॉशिंग्टन’ आलं की राजधानीच समजायची. वॉशिंग्टन राज्यात रेडमंड-बेलव्ह्यूला राहणारी आपली माणसं बहुधा ‘सिॲटलला असतो’ म्हणूनच सांगतात. सिॲटल हे तिथल्या दुवामिश आणि सुक्वामिश लोकांच्या प्रमुखाचं नाव. राज्याचं नाव ठरवतानाही तिथल्याच भाषेकडे वळायला हवं होतं. इव्हान्स यांचं म्हणणं बरोबर होतं.