दरबार हॉलमधला मत्स्य

1971 साल. पाऊस नुकताच ओसरलाय. मोती तलावाच्या काठाने चालत तुम्ही सावंतवाडीच्या राजवाड्यात शिरता. जांभ्याच्या भिंतींनी अजून ओल धरलीय. जिल्ह्याचं नाव रत्नागिरी. सिंधुदुर्ग व्हायला अजून दहा वर्षं आहेत. तिकडे दिल्लीत संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती येऊ घातलीय, डिसेंबरात ती होईलही.

चपला बाहेर काढून दरबार हॉलमध्ये या. एके काळी मानकरी जिथे अदबीने बसत, तिथे आता रंगाच्या वाट्या मांडल्यात. पुंडलिक चितारी खाली बसलेत, वय झालेलं. त्यांच्यासमोर शिकायला बसलेत ते सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी, बडोद्याच्या गायकवाडांची लेक. चितारी सांगतील तशी रेघ ओढायची, चुकली की पुसायची.

जवळ जाऊन बघा. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले, त्यावर खडूचा पांढरा लेप, तो दगडाने घोटून घोटून गुळगुळीत केलेला. मग रंग, सर्वात शेवटी लाखेचा हात. हे झालं गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचं एक गोल पान. दशावतारी संचाची अशी 120 पानं लागतात: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. बाबराने 1527 मध्ये सिंधला हा खेळ भेट म्हणून धाडला होता. कोकणात येईपर्यंत त्यात मासा, कासव आणि परशू येऊन बसले. पण छापील बावन्नपत्तीने हा खेळ मारला. खेळणारे गेले, मागणी गेली आणि चितारआळीतले कुंचले एकेक करून खाली ठेवले गेले.

आता थोडी वर्षं ओलांडा. तोच हॉल आहे, पण गावातली तरुण मुलं कामाला बसलीत आणि भिंतीशी लाकडी खुर्च्या ओळीने उभ्या आहेत. माझ्या लेखी राणीसाहेबांचं खरं मोठेपण इथे आहे. जो खेळ कुणी खेळतच नाही, त्याची नुसती पानं रंगवून कारागिराची चूल पेटणार नव्हती. म्हणून तीच चित्रं आणि तीच वेलबुट्टी खुर्च्यांवर, मेजांवर, पेट्यांवर, चौरंगांवर आली. लाकडावर रंग आणि लाख चढवायची गावाला सवय होतीच; इथली लाकडी खेळणी घरोघरी पोचलेली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभेल असं सामान इथल्याच हातांनी घडवायचं, हा निर्णय कुठल्याही नामवंत डिझायनरच्या तोडीचा होता.

एका खुर्चीपाशी बसा. शेजारचा पोरगा मान वर न करता बजावतो, "हात लावू नकात हां, रंग ओलो असा." तळहातावर मावणारा मत्स्य त्याला खुर्चीच्या पाठीवर आणायचाय. नुसता मोठा करून भागत नाही. रेघ जाड झाली की चेहऱ्यावरचं तेज जातं. बारीक ठेवली तर चार पावलांवरून काही दिसत नाही. मग तो मत्स्याचा गोल वरच्या पट्टीवर ठेवतो, जिथे बसणाऱ्याची पाठ घासणार नाही, आणि भोवतीची वेल दोन्ही बाजूंनी हातांपर्यंत उतरवतो. पान, कळी, पुन्हा पान. श्वास रोखून ओढलेली ती रेघ बघताना तुमचाही श्वास अडकतो.

इथून क्षणभर 1930च्या दशकातल्या इंदुरात डोकावून या. महाराज यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्याचा आराखडा, आतल्या सजावटीसह, एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराचा आहे. फर्निचर युरोपातून आलंय, काच आणि धातूचं, त्या काळातलं जगातलं सर्वात आधुनिक. बघून डोळे दिपतात. 1980 मध्ये त्यातल्या बऱ्याच वस्तू मोनॅकोत लिलावात निघाल्या. होळकरांची दृष्टी मोठी होती, त्याबद्दल वाद नाही. पण ते सामान गेल्यावर इंदुरात ते पुन्हा करू शकेल असा हात मागे राहिला नाही. सावंतवाडीतली खुर्ची विकली गेली, तर दुसरी करणारा तिथेच बसलेला असतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आता परत आजच्या दिवसात या. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्वशीलादेवी 2018 मध्ये. राजवाड्याच्या काही भागात हॉटेल झालंय, सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि भोसले घराण्याची पुढची पिढी हे काम पुढे नेतेय. दरबार हॉलमध्ये कारागीर आजही रंगवताना दिसतात.

मालवणला किल्ला बघायला आणि मासे खायला येता, तेव्हा वाकडी वाट करून सावंतवाडीला जा. वस्तूची किंमत विचारण्याआधी ती कुणी रंगवली आणि किती दिवस लागले ते विचारा, मग घासाघीस करावीशी वाटणार नाही. आणि घरात लग्न ठरलं असेल, तर पाट-चौरंगाचं काम काही महिने आधी सांगा. कोकणच्या पावसात रंग लवकर वाळत नाही.