हलते चित्र आणि उसना आवाज : सातारा-सांगलीतील जपानी ॲनिमेची पूर्वपीठिका

जपानमध्ये तयार होणाऱ्या सचेतनपटांना, म्हणजे एकामागून एक चित्रे काढून व ती वेगाने दाखवून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या चित्रपटांना आणि मालिकांना, आज जगभर 'ॲनिमे' या जपानी नावानेच ओळखले जाते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत या मालिकांचा प्रेक्षकवर्ग गेल्या तीसेक वर्षांत तयार झाला आणि तो प्रामुख्याने उपग्रह वाहिन्या, मोबाइल व स्वस्त इंटरनेट यांनी घडवला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. साधनांपुरते हे खरे आहे. परंतु दुसऱ्या भाषेतून आलेला खेळ आपल्या भाषेच्या आवाजात ऐकणे, चित्राला निवेदकाची जोड देणे आणि पाहिलेली कथा न पाहिलेल्या माणसाला रंगवून सांगणे या सवयी कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात कितीतरी आधीपासून रुजलेल्या होत्या, आणि त्या ध्यानात घेतल्याखेरीज जपानी मालिका येथे इतक्या सहजपणे आपल्या का झाल्या हे उलगडत नाही.

या इतिहासाचा आरंभ सांगली संस्थानातच करावा लागतो. 1842 मध्ये उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे कानडी खेळ केले. ते पाहून असे खेळ मराठीत व्हावेत अशी इच्छा अप्पासाहेबांच्या मनात निर्माण झाली, ते काम त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णू अमृत भावे यांच्याकडे सोपवले आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आले. ही तारीख आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळली जाते. या घटनेचे स्मरण सहसा मराठी नाटकाचा जन्म म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण परक्या भाषेतील खेळ पाहून भारावलेल्या एका रसिकाने तो आपल्या भाषेत यावा म्हणून केलेली ही खटपट होती, ही बाजू तितकीच महत्त्वाची आहे.

भाव्यांच्या खेळाची रचना आजच्या नाटकापेक्षा निराळी होती. सूत्रधार मागील साथीदारांसह आख्यानाची पदे गात असे, पात्रे त्या पदांच्या आधारे हालचाल करीत आणि मग पदाचा आशय स्वतःच्या शब्दांत, आयत्या वेळी सुचेल तसा बोलून दाखवीत. राक्षसांची सोंगे आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत आणि त्या आरोळीवरून पुढे या नाटकांना 'अललडुर्र' नाटके असे नावच पडले. म्हणजे कथा वाहून नेणारा आवाज एकाचा आणि हालणारी आकृती दुसऱ्याची, अशी ही विभागणी होती. भाव्यांच्या हाती सुतारकामाची कलाही होती आणि त्यांनी घडवलेल्या लाकडी कळसूत्री बाहुल्या, म्हणजे दोऱ्यांनी हलवायच्या बाहुल्या, आजही टिकून आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांपुढे आणल्या. बाहुलीचा चेहरा बदलत नाही, तिचे ओठ हलत नाहीत, हात उचलला जातो आणि मान वळते एवढेच. तरी दोरी ओढणाऱ्याचा आवाज रडवेला झाला की बाहुली रडते आहे असे पाहणाऱ्यास वाटते.

जपानी सचेतनपटाचे तंत्रही या बाहुलीच्या फार जवळचे आहे, आणि येथे ते थोडे तपशिलाने पाहणे उपयोगी ठरेल. चित्रपटात दर सेकंदाला 24 चौकटी पडद्यावरून सरकतात आणि अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्था आपल्या भरघोस भांडवलाच्या बळावर सेकंदाला बारा ते चोवीस स्वतंत्र चित्रे काढून घेत. ओसामू तेझुका यांनी 1 जानेवारी 1963 पासून 'तेत्सुवान आतोमू' ही अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू केली, तेव्हा इतकी चित्रे काढण्यास वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता. म्हणून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत वापरायचे, म्हणजे सेकंदाला सुमारे आठ चित्रांवर भागवायचे. बोलताना चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठांची दोन-तीन चित्रे आलटून पालटून दाखवायची. आणि स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवून गतीचा भास करायचा, अशा युक्त्या रूढ झाल्या. या काटकसरीमुळे कथेचा बराचसा भार आवाजावर, संगीतावर आणि नजरेवर पडला. एक अनपेक्षित फायदाही झाला : ओठांची हालचाल मुळातच ढोबळ असल्याने तिच्यावर कोणतीही भाषा फार विसंगत न वाटता बसते.

जपानमध्ये या कलेच्या मागे 'कामिशिबाई', म्हणजे कागदी नाटक, हा लोकप्रिय प्रकार उभा होता. 1930 च्या दशकातील मंदीत अनेक बेकार माणसे सायकलच्या मागे लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरत, मुलांना गोळ्या-मिठाई विकत आणि चौकटीतील चित्रे एकेक करून बाहेर ओढीत गोष्ट सांगत. गोष्ट ऐन रंगात आली की उरलेला भाग दुसऱ्या दिवसावर जाई. पुढे दूरचित्रवाणी आली तेव्हा आरंभी तिला तेथील लोक 'विजेची कामिशिबाई' म्हणत, आणि तिच्यामुळे धंदा बसलेले कित्येक चित्रकार मंगा, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तके, यांच्याकडे वळले. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा हिचीच सख्खी बहीण म्हणावी अशी आहे. तिच्यातही रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे पोथीतून क्रमाने काढून श्रोत्यांपुढे धरली जातात आणि वाद्याच्या साथीवर कथा गायली जाते. दोन्ही परंपरांमध्ये कोणताही संबंध नव्हता. तरी चित्र थांबलेले आणि आवाज पुढे धावणारा, ही रीत दोन्हीकडे सारखीच सापडते.

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाने या चित्रकथनाला राजाश्रय दिला. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांचे 'चित्ररामायण' 1916 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1938 मध्ये त्यांनी औंध येथे उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात त्यांचा चित्रसंग्रह आजही पाहता येतो. याच संस्थानात मोडणाऱ्या आटपाडी भागात, शेटफळे येथे, 1919 मध्ये जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी 1 एप्रिल 1955 पासून आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीतांत रामकथा सांगितली, सुधीर फडके यांनी तिला चाली दिल्या आणि ती पुणे आकाशवाणीवरून घरोघर गेली. सांगलीत नाट्यरूपाने, औंधात चित्ररूपाने आणि आटपाडीच्या कवीकडून गीतरूपाने अशी एकच कथा तीन माध्यमांतून या परिसराने सांगितली, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आवडत्या कलाकृतीवर जीव लावणे आणि त्या आवडीभोवती एकत्र येणे यालाही येथे पूर्वपरंपरा आहे. पलूस तालुक्यातील नागठाणे हे मूळ गाव असलेल्या नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांच्या स्त्रीभूमिकांमधील लुगडी, केशरचना आणि दागिने यांचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रिया करीत. आज ॲनिमेचे रसिक आवडत्या पात्राचा पोशाख शिवून घेतात व तसा केसांचा टोप चढवून मेळाव्यास जातात, त्याला 'कॉसप्ले' म्हणतात. काल्पनिक व्यक्तीसारखे दिसावेसे वाटणे ही त्यामागची ओढ मात्र नवी नाही.

सामूहिक पाहण्याची सवय खेडोपाडी पोहोचवली ती तंबू टॉकीजने. सुगी आटोपल्यावर गावोगावच्या जत्रा सुरू होत आणि त्यांच्या मागोमाग कनाती, दोरखंड, पडदा आणि प्रक्षेपक लादलेले ट्रक येत. प्रक्षेपक बहुधा ट्रकवरच बसवलेला असे. मधल्या भागाने पुरुष आणि स्त्रिया यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या केलेल्या असत, बैठक जमिनीवर असे, आणि रीळ बदलताना किंवा तुटताना जो अंधार होई त्यात पुढे काय घडणार यावर आजूबाजूच्या अनोळखी माणसांशी चर्चा रंगे. चित्रपट हिंदी असला आणि आजीला हिंदी नीटसे कळत नसले तर नातू तिला कानात अर्थ सांगे. अशा कुजबुजीची नोंद कोणत्याही ग्रंथात नसते, पण परभाषेतील चित्र मराठीत उतरवण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत व्यापक काम तिनेच केले.

जपानी सचेतनपट या प्रदेशात पहिल्यांदा घरोघर पोहोचला तो 1993 मध्ये, दूरदर्शनवरील 'जंगल बुक' या मालिकेच्या रूपाने. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने 1989 साली तयार केलेल्या या मालिकेचे 52 भाग होते. हिंदी आवृत्तीसाठी गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले आणि शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. रविवारी सकाळी, रंगीत संच असलेल्या घरात आळीतली मुले दाटीवाटीने बसत. पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण छपरावर जाऊन अँटेना फिरवी आणि 'आलं का?' असे ओरडून विचारी, आणि खालून 'आलं, आलं, तिथंच ठेव' असे उत्तर जाई. मालिका जपानी आहे याची कल्पना त्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना होती. कथा इंग्रज लेखकाची, रान मध्य भारतातले, रेखाटन जपानी, भाषा हिंदी आणि वाघाचा आवाज ओळखीच्या मराठी नटाचा, असा तो संगम होता, आणि कुणालाही तो परका वाटला नाही.

त्याच वर्षाच्या आरंभी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आणखी एक जपानी कृती दाखवली गेली. युगो साको हे जपानी निर्माते रामायणाशी संबंधित उत्खननांवर माहितीपट करण्यासाठी 1980 च्या दशकात भारतात आले, रामकथेने भारावले आणि ती सचेतनपटातच सांगता येईल या निष्कर्षाला पोहोचले. विश्व हिंदू परिषदेने आक्षेप घेतल्याने भारत सरकारचे सहकार्य मिळू शकले नाही, म्हणून चित्रपटाचे काम जपानमध्ये झाले. परंतु भारतीय सचेतनपटांचे ज्येष्ठ कलावंत राम मोहन हे कोइची सासाकी आणि साको यांच्यासह त्याचे दिग्दर्शक होते. जपानी चित्रकारांना धोतराचा काचा कसा मारतात, नमस्कार करताना हात कोठे येतात अशा साध्या गोष्टी समजावून देणारा माणूस सोबत असणे किती मोलाचे होते, हे चित्रपट पाहताना जागोजाग जाणवते. 1992 चा हा 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' भारतीय चित्रपटगृहांत त्या वेळी फारसा पोहोचला नाही; दूरचित्रवाणीवरून मात्र तो एका पिढीच्या आठवणीत राहिला आणि जानेवारी 2025 मध्ये देशभर नव्याने प्रदर्शित झाला. त्यातही मिथिलेतील स्वयंवर आहे आणि राम शिवधनुष्य मोडतो. सांगलीच्या रंगमंचावर ज्या प्रसंगाने मराठी नाटकाचा पडदा उघडला, तोच प्रसंग दीडशे वर्षांनी जपानी हातांनी रेखाटला गेला.

यानंतरचा टप्पा केबलचा. 1995 मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले, 2004 मध्ये हंगामा टीव्ही सुरू झाली आणि पुढच्या दोन वर्षांत 'डोरेमॉन' व 'शिन-चॅन' या मालिका हिंदीतून तिच्यावर आल्या. डोरेमॉनची आवडती 'दोरायाकी', म्हणजे गोड लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण भरलेली दुहेरी धिरडी, हिंदीत 'डोरा केक' झाली आणि सातारा-सांगलीच्या मुलांनी ती त्याच नावाने ओळखली. घरात मराठी आणि शाळेत मराठी असलेली मुले खेळताना डोरेमॉनमधील नोबिताच्या हिंदीत बोलू लागली, याची पालकांनी काळजीही केली. ती काळजी अनाठायी नव्हती, कारण मुलांना हव्या त्या मालिका मराठीत पाहण्याची सोय नव्हती.

याच काळात 'बेब्लेड' या मालिकेने भोवऱ्याला नवे रूप दिले. लाकडी भोवऱ्याला दोरी गुंडाळून, तो रिंगणात मारून, आपल्या भोवऱ्याच्या आरीने दुसऱ्याच्या भोवऱ्यावर खोच पाडायची, हा खेळ येथील मुलांच्या हाडीमाशी खिळलेला होता. बेब्लेडचा उगमही जपानमधील 'बेगोमा' या दोरीने फिरवायच्या जुन्या भोवऱ्यात आहे. प्लास्टिकच्या दातेरी पट्टीने ओढून सोडायचा नवा भोवरा बाजारात आला, तेव्हा ज्यांना तो परवडत नव्हता त्या मुलांनी परातीत जुनेच भोवरे सोडून मालिकेतल्या आरोळ्या ठोकल्या, आणि खेळात काहीही उणे पडले नाही.

त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन, म्हणजे ठरावीक तासांची वीजकपात, तीव्र होते. ज्याच्या वस्तीत वीज असे त्याने भाग पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो इतरांना सांगायचा, असा रिवाज त्यामुळे आपोआप पडला. सांगणारा हावभाव करी, आवाज बदली आणि मारामारी दाखवताना दप्तर ढालीसारखे धरी. पुढे मोबाइल आल्यावर दुकानात मेमरी कार्ड भरून घेणे आणि वसतिगृहांत पेनड्राइव्हवरून मालिकांचे सबंध संच एकमेकांना देणे सुरू झाले. हे वाटप कायद्याला धरून नव्हते हे खरे. परंतु अधिकृत मार्गाने या मालिका मिळण्याची सोय तेव्हा निमशहरी भागात जवळजवळ नव्हती. सप्टेंबर 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर ती अडचण पुष्कळशी दूर झाली.

या रसिकांची स्वतःची परिभाषाही तयार झाली आहे. मूळ जपानी आवाज ठेवून खाली अक्षरे वाचणे म्हणजे 'सब', दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रित केलेली आवृत्ती म्हणजे 'डब', मूळ मंगात नसलेला आणि वेळ काढण्यासाठी घातलेला भाग म्हणजे 'फिलर', आणि पुढचे कथानक आधीच फोडणे म्हणजे 'स्पॉइलर'. यांतील शेवटचा शब्द जुन्या प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकणारा आहे, कारण 'सीतास्वयंवर' पाहायला बसलेल्या प्रत्येकाला धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक होते आणि तरीही तो ते पाहण्यासाठी रात्र जागवीत होता. 'डब' की 'सब' या वादात मूळ आवाजाची बाजू घेणारे कलाकृतीशी प्रामाणिक असतात. परंतु भाव्यांच्या सूत्रधारापासून चालत आलेली या भूमीची रीत पाहता डबकडे कमी प्रतीचे म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

सप्टेंबर 2025 मध्ये 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी चित्रपट भारतात जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांतून प्रदर्शित झाला. त्याचा मराठी अवतार चित्रपटगृहाबाहेर, एसटीच्या बाकावर किंवा वसतिगृहाच्या गच्चीवर, पाहून आलेल्याने न पाहिलेल्यापुढे उभा केला; आणि ऐकणाऱ्याने मध्येच थांबवून 'शेवट सांगू नको' असे बजावले.